लाकडावरची छोटी भट्टी बांधताय? मग आधी हवेचा हिशोब समजून घ्या

मातीची भांडी भाजायला स्वतःची भट्टी बांधायची असं एकदा डोक्यात बसलं की माणूस आधी विटा शोधायला लागतो, मग लाकूड, मग कमान कशी करायची ते, आणि हवा येणार कुठून नि जाणार कुठून हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. खरं तर तो पहिला यायला हवा. माझी पहिली भट्टी ९०० डिग्रीच्या वर कधी गेलीच नाही. विटा चांगल्या होत्या, लाकूड खणखणीत सुकं होतं, चिमणी मात्र बुटकी होती, आणि हे कळायला मला तीन वेळा अख्खी रात्र जागून भट्टी लावावी लागली. म्हणून सुरुवात हवेपासूनच करते.

एक साधा हिशोब बघा. १ किलो सुकं लाकूड पूर्ण जळायला साधारण ६ किलो हवा लागते, म्हणजे जवळपास ५ घनमीटर. १० बाय १० फुटांची, ९ फूट उंच खोली डोळ्यासमोर आणा, त्या अख्ख्या खोलीतली हवा ५ किलो लाकडाला लागते. आणि भट्टी रंगात आली की ५ किलो लाकूड बघता बघता संपतं. एवढी हवा आत ओढायला आपल्याकडे पंखा नसतो, ते काम चिमणी करते, तेही फक्त गरम हवा हलकी असते या एका गोष्टीच्या जोरावर. चिमणीत ६०० डिग्रीचे वायू असतील तर ते बाहेरच्या हवेच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश वजनाचे असतात, ते वर सुटतात आणि त्यांच्या जागी खालून नवी हवा येते. ही ओढ किती असते माहितीये? १२ फुटी चिमणीला पाण्याची नळी लावून मोजली तर पाणी जेमतेम अडीच मिलिमीटर हलेल. बस, एवढ्याच ताकदीवर सगळा कारभार चालतो, त्यामुळे भिंतीत किंवा चिमणीच्या बुडाशी कुठे फट राहिली तर चिमणी तिथूनच गार हवा ओढणार, जाळातून ओढायचे कष्ट ती कशाला घेईल.

दुसरी गोष्ट लाकडाची. लाकूड थेट जळत नाही. आधी ते तापतं, २००-३०० डिग्रीच्या पुढे त्यातून वायू सुटायला लागतात, आणि आपल्याला जो जाळ दिसतो तो त्या वायूंचा असतो. सुक्या लाकडाच्या वजनातला जवळपास तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघून जातो, मागे उरतो कोळसा आणि त्याचे निखारे सावकाश जळत राहतात. म्हणजे एकाच चुलाण्यात दोन वेगळ्या आगी चालू असतात. वायूंना वरून हवा लागते आणि निखाऱ्यांना खालून. लाकडाचा जाळ लांबलचक असतो, भांड्यांच्या मधून वळून वळून जातो, आणि म्हणूनच लाकूड भट्टीसाठी इतकं चांगलं इंधन आहे. पण वायू जळायला जागाही तेवढी लागते, चुलाणं चिंचोळं केलंत तर वायू न जळताच चिमणीतून काळा धूर होऊन जातात, तुम्ही फोडलेलं आणि सुकवलेलं लाकूड अक्षरशः आकाशात.

आता आकार. जाळ खालून शिरून वरून बाहेर पडतो ती सगळ्यात सोपी भट्टी, बांधायला सोपी पण त्यात खालची भांडी जास्त भाजतात, वरची कच्ची राहतात आणि बरीच उष्णता सरळ वर निघून जाते. मी सांगेन ती दुसऱ्या प्रकारची बांधा. एका बाजूला चुलाणं, मध्ये भांड्यांची खोली, दुसऱ्या बाजूला चिमणी, आणि बाहेर जायची वाट खोलीच्या तळाशी. चुलाणं आणि खोली यांच्या मध्ये विटांची एक बुटकी आडभिंत घालायची, म्हणजे जाळ आधी वर चढतो, छताला लागतो, मग भांड्यांमधून खाली उतरून तळाशी असलेल्या भोकांतून चिमणीत जातो. उष्णतेला खोलीत जास्त वेळ थांबावं लागतं.

मापं सांगते, ती आकडेमोड करून आपल्या जागेप्रमाणे बदलता येतात. खोली आतून २७ बाय २७ इंच आणि ३६ इंच उंच धरू. चिमणीचं आतलं माप ९ बाय ९ इंच, कारण ९ इंची विटेला अर्धी वीट जोडून चारही बाजू फिरत्या रचल्या की तेवढंच चौकोनी भोक सहज तयार होतं. ते झालं ८१ चौरस इंच. खोलीतून चिमणीत जायची भोकंही मिळून साधारण तेवढीच हवीत, समजा साडेचार बाय ६ इंचांची तीन. हवा आत यायच्या वाटाही तेवढ्या, आणि थोड्या जास्तच ठेवा, जास्तीची वाट विटेने बंद करता येते पण बांधून झालेली भिंत फोडणं जिवावर येतं. चुलाण्याच्या जाळीसाठी भट्टी बांधणाऱ्यांमध्ये एक अंदाज चालतो, चिमणीच्या छेदाच्या १० पट, म्हणजे इथे २७ बाय ३० इंच. आणि चिमणीच्या उंचीचा अंदाज असा की जाळ जितके फूट खाली ओढायचा त्याच्या तिप्पट, वर आडव्या अंतराच्या दर ३ फुटांना १ फूट. खोली ३ फूट उंच म्हणून ९, आडवं अंतर साधारण ३ फूट म्हणून १, झाले १० फूट. मी १२ करते. जास्त ओढ झाली तर डॅम्परने, म्हणजे चिमणीत आडव्या सरकणाऱ्या फरशीने ती कमी करता येते, कमी पडलेली ओढ मात्र कशानेच वाढत नाही.

विटांचं थोडं सविस्तर सांगते कारण इथेच पैसे जातात. साध्या लाल विटा साधारण १००० डिग्रीपर्यंत टिकतात, आणि तुम्हाला फक्त लाल मातीची भांडी भाजायची असतील तर त्या पुरतात. १२०० च्या वर जायचं असेल तर जाळाला लागणाऱ्या बाजूला फायरब्रिकच, म्हणजे जास्त उष्णता सोसणारी खास वीटच पाहिजे. त्यात दोन जाती. कडक वीट, साडेतीन किलोच्या आसपास, जाळ आणि राख दोन्ही सोसते. आणि हलकी सच्छिद्र वीट, हातात घेतली तर पाव वाटते, उष्णता अडवते पण राखेने आणि लाकडाच्या धक्क्याने खराब होते, म्हणून ती बाहेरच्या थराला.

आता गंमत बघा. कडक विटेचं टेंपरेचर १००० डिग्रीने वाढवायला साधारण साडेतीन मेगाज्यूल उष्णता लागते, आणि १ किलो सुकं लाकूड देतं १५-१६ मेगाज्यूल. आत अशा ४०० विटा असतील तर एक थेंबही उष्णता वाया गेली नाही असं धरूनसुद्धा नव्वदेक किलो लाकूड नुसतं विटा तापवण्यात जातं, भांड्यांची बारी त्यानंतर. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता चिमणीतून जाते त्यामुळे आकडा याच्या कितीतरी वर. म्हणून भिंत जाड म्हणजे चांगली हा समज सोडून द्या, आत साडेचार इंच कडक आणि बाहेर साडेचार इंच हलकी एवढी भिंत छोट्या भट्टीला भरपूर झाली.

पाया करताना गरम तळ थेट काँक्रीटवर टेकवू नका, काँक्रीटमधलं पाणी तापून वाफ होते आणि पापुद्रे उडतात. खाली पोकळ ब्लॉक आडवे ठेवा म्हणजे त्यांच्या भोकांतून हवा खेळते, त्यावर विटांचे दोन थर. जोडकामाला सिमेंट अजिबात नको, ४००-५०० डिग्रीच्या पुढे त्याची पकड सुटत जाते. फायरक्ले (उष्णता सोसणारी माती) आणि बारीक वाळूचा पातळ लगदा करा, वीट त्यात बुडवून बसवा, सांधा कागदाइतका पातळ. या लगद्याचं काम चिकटवणं नाहीये, फटी भरणं आहे, वीट तर आपल्या वजनानेच बसते. काही जण छोटी भट्टी नुसती रचून बाहेरून माती, वाळू आणि बारीक चिरलेल्या गवताचा गिलावा देतात, तेही चालतं आणि उद्या मोडून दुसरीकडे बांधताही येते.

कमान बघून लोक घाबरतात. एक साखळी दोन खिळ्यांना लटकवा, ती जो झोल घेते तो कागदावर उतरवून उलटा करा, त्या आकाराची कमान स्वतःचं वजन स्वतः पेलते. प्लायवूडचा साचा करून त्यावर विटा लावायच्या, शेवटची मधली वीट ठोकून बसवायची आणि साचा सावकाश खाली घ्यायचा. उथळ कमान केली तर ती भिंतींना बाहेर ढकलते, तेव्हा चार कोपऱ्यांना लोखंडी अँगल आणि त्यांना जोडणारे नटबोल्टवाले रॉड पाहिजेतच. तापल्यावर विटा फुगतात, रॉड फार आवळून ठेवले तर कशाला तरी तडा जाणारच, म्हणून पहिल्या भाजणीत पाना हाताशी ठेवून ते थोडे थोडे सैल करत राहावे लागतात.

लाकूड किमान एक पूर्ण कोरडा मोसम तरी फोडून, झाकून, हवेशीर रचून ठेवलेलं हवं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं, नीट सुकलेल्यात ते १५-२० टक्क्यांवर येतं. ओलं लाकूड जळत नाही असं नाही, पण त्यातलं पाणी वाफ होऊन चिमणीतून जाताना जाळाची धग घेऊन जातं, आणि ११०० च्या पुढे हा फरक जीवघेणा ठरतो. सुरुवातीला मनगटाएवढे तुकडे, शेवटी अंगठ्याएवढ्या चिरफळ्या, कारण बारीक लाकूड झटकन वायू सोडतं. रंग लावलेलं किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड नको, त्यात आर्सेनिकपर्यंत काहीही असू शकतं.

भट्टी उघड्यावरच, छप्पर उंच आणि न जळणारं. अर्धवट जळालेल्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. आत बघायच्या भोकात डोकावताना वेल्डिंगवाल्यांसारखा गडद चष्मा, अंगात सुती कपडे, हातात चामड्याचे मोजे, शेजारी पाण्याचा पाइप, आणि दोन माणसं तरी जागी. विटा कापताना तोंडाला चांगला मास्क, सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

भांडी लावताना शेल्फला आणि भांड्याच्या बुडाला अॅल्युमिना आणि केओलिन (पांढरी चिनी माती) यांच्या न वितळणाऱ्या मिश्रणाच्या छोट्या गोळ्यांचा आधार द्या, नाहीतर वितळलेल्या राखेने भांडं शेल्फला कायमचं चिकटतं. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काच होणारा लेप, नसलेली भांडी एकमेकांना टेकली तरी चालतात, एकात एक बसवली तरी चालतात, ग्लेझवाली नाही. जाळाला वाट ठेवा, खच्चून भरलेली भट्टी म्हणजे बुच मारलेली चिमणी.

आणि कोन विसरू नका. कोन म्हणजे ठरलेल्या मिश्रणाचे छोटे सुळके, ठराविक भाजणी झाली की वाकतात. जर्मनीत हेरमान झेगरने १८८६ मध्ये ते आणले. पायरोमीटर नुसतं त्या क्षणाचं टेंपरेचर सांगतो, कोन मात्र टेंपरेचर आणि वेळ दोन्ही मिळून मातीवर काय परिणाम झाला ते सांगतो. ०४ नंबरचा कोन साधारण १०६० ला, ६ नंबर १२२०-१२४० च्या दरम्यान, १० नंबर १२८५-१३०० च्या आसपास वाकतो. तीन कोन एका मातीच्या पट्टीत रोवून एक पट्टी वर, एक खाली, भोकातून दिसेल अशी.

आता पेटवणं. पहिले काही तास तुम्ही भांडी भाजत नसता, वाळवत असता. कच्चं भांडं गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून त्यातून पाणी उडतंय. वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते, आणि १ लिटर पाण्याची वाफ साधारण १७०० लिटर जागा मागते. मातीच्या बारीक छिद्रांतून ती हळूहळू निघाली तर काही नाही, घाईने तापवलं तर भांडं फटकन फुटतं आणि त्याच्या ठिकऱ्या शेजारच्या भांड्यात. म्हणून चुलाण्याच्या तोंडाशी अगदी बाहेर छोटा विस्तव करा, जाळ आत शिरता कामा नये, फक्त ऊब. आरशाचा गार तुकडा वरच्या भोकासमोर धरा, त्यावर दव धरतंय तोवर १०० च्या खालीच थांबा. मी जाड भांडी असली की अख्खी रात्र असंच ठेवते.

मग तासाला १०० डिग्री चढवत जा. साधारण ४५० ते ६०० मध्ये मातीच्या रेणूंत बांधलेलं पाणी सुटतं, केओलिनच्या वजनाचा १४ टक्के भाग असा जातो, आणि यानंतर ती परत भिजवून मळता येत नाही. याच टप्प्यात ५७३ डिग्रीला मातीतली वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, एकदम फुगते, तिथे हात आखडता. ६०० च्या पुढे अंधारात आत मंद लाल दिसायला लागतं, ८०० ला चांगलं लाल, १००० ला नारिंगी. ७०० ते ९०० मध्ये मातीतला कार्बन जळून जायला भरपूर स्वच्छ हवा द्या, नाहीतर तो आत कोंडला जातो आणि पुढे वरच्या टेंपरेचरला भांड्याच्या अंगावर फोड येतात.

यापुढे खरं कसब लागतं. लाकूड टाकलं की आधी टेंपरेचर किंचित पडतं, चिमणीतून धूर येतो, भोकातून जाळाची जीभ बाहेर येते, कारण वायू एकदम सुटलेत आणि हवा कमी पडलीये. दोन-चार मिनिटांत धूर विरळ होतो, जीभ आत जाते, आणि तेव्हाच पायरोमीटरचा काटा वर चढायला लागतो. चढण संपत आली की पुढचं लाकूड, त्याच्या आधी नाही. लाकूड टाकणाऱ्याने चुलाण्याकडे कमी आणि चिमणीच्या टोकाकडे जास्त बघावं.

एकदा मी आणि माझी मैत्रीण पहाटे तीन वाजता ११२० ला अडकलो होतो. काटा हलेना म्हणून आम्ही अजून लाकूड टाकत गेलो, तासाभरात तो ११२० वरून १०८० ला आला. दोघी इतक्या दमलेल्या की मोठमोठे ओंडके कोंबायला सुरुवात केली. शेवटी तिने वाकून राखेच्या दारातून बघितलं तर जाळीखाली आणि जाळीवर निखाऱ्यांचा गच्च थर, हवेला शिरायला जागाच नाही. आणि नुसती वाट अडते एवढंच नसतं, जाड तापलेल्या निखाऱ्यांतून कार्बन डायॉक्साइड गेला की तो कोळशातला कार्बन उचलून कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि ही क्रिया उष्णता खाते, ती परत मिळायची तर पुढे त्या वायूला ताजी हवा मिळायला हवी, जी आम्ही बंदच केली होती. आम्ही निखारे लोखंडी सळईने खालीवर केले, निखाऱ्यांच्या बुडाशी ठेवलेल्या दोन विटा काढून हवेला वाट दिली आणि दहा मिनिटं काहीही टाकलं नाही. दहा मिनिटं नुसतं बघत बसणं फार कठीण असतं हो. पण काटा हलला, पुढच्या दोन तासांत आम्ही १२०० च्या पार गेलो. बांधतानाच निखाऱ्यांच्या पातळीला अशी दोन सुट्या विटांची भोकं ठेवा, नंतर पाडता येत नाहीत.

हवा कमी-जास्त करण्याचा दुसरा उपयोग रंगासाठी. हवा भरपूर असेल तर मातीतलं लोखंड तांबूस-तपकिरी होतं, हवा कमी ठेवली तर जाळ भांड्यातलाच ऑक्सिजन ओढून घेतो आणि तेच लोखंड करडं, काळं, काही ग्लेझमध्ये हिरवट-निळसर होतं. तांब्याचं ग्लेझ हवेत हिरवं, कमी हवेत लाल. हे डॅम्पर थोडा आत सारून करतात, ९०० च्या आसपास सुरू करून. आणि १२०० च्या पुढे उडालेली राख भांड्यावर बसून वितळते, मातीतल्या सिलिकाशी मिळून काच होते, जाळ ज्या बाजूने आला त्या बाजूला जास्त.

हवा तो कोन वाकला की लाकूड बंद, आतलं लाकूड जळू द्या, मग डॅम्पर आणि सगळी भोकं मातीने लिंपून टाका. घाई इथेही नडते, गार होताना ५७३ ला क्वार्ट्झ परत आकसतो, आणि जास्त भाजलेल्या मातीत २०० च्या जरा वर अजून एक असाच झटका असतो, तिथे गार वारा लागला तर टिंग असा आवाज येतो आणि भांड्याला चीर. आत १०० च्या खाली आलं की मगच दार उघडा, छोट्या भट्टीला दीड-दोन दिवस धरा.

भांडी काढताना लगेच धुवायला नेऊ नका. कुठल्या शेल्फवर कुठलं भांडं होतं ते लिहा, वरचे आणि खालचे कोन शेजारी ठेवून बघा, बोटाने टिचकी मारून आवाज ऐका, नीट भाजलेलं घणघणतं, कच्चं बद्द वाजतं. वरचे कोन लोळलेत आणि खालचे उभे असतील तर आडभिंत एक थर उतरवा किंवा तिच्या तळाशी एक-दोन विटांची फट करा, उलट असेल तर एक थर चढवा. ही आडभिंत कधीच लगद्यात बसवू नका, सुटीच ठेवा, पहिल्या पाच-सहा भाजण्यांत ती प्रत्येक वेळी हलवावी लागते.